उर्दू काढून मराठी

तो एवढासा लॅपटॉप नानांनी मला न विचारता आणला, याचाच मला आधी राग आला होता. घरात सॉफ्टवेअरमधली मी. हायटेक सिटीत नोकरी करून नऊ वर्षं झालेली. अंबरपेठच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे मोबाइल मी सुरू करून दिलेले. आणि माझे सत्त्याहत्तर वर्षांचे सासरे एकटेच बसनं सिकंदराबादला जातात, कम्प्युटरच्या दुकानात शिरतात आणि वहीएवढा लॅपटॉप कापडी पिशवीत घालून घरी येतात! ही २००९ सालच्या जुलैमधली गोष्ट. असले छोटे लॅपटॉप तेव्हा नुकते बाजारात आले होते.

"मला सांगायचं ना, नाना," मी म्हणाले.

"तुला कशाला त्रास," ते म्हणाले.

तेव्हा त्यांना आवाज होता. चिरका, फाटलेला, पण होता. आठ दिवसांनी त्यांचं स्वरयंत्र काढायचं होतं, घशात गाठ होती म्हणून. आवाज जाणार हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही सगळे रडत बसलो आणि नानांनी मात्र हिशेब मांडला. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरायचा, पेन धरून सहीपलीकडे काही लिहिता यायचं नाही. पण एका बोटानं बटण दाबता येत होतं, टीव्हीचा रिमोट ते वापरतच होते. म्हणून लॅपटॉप. प्लॅस्टिकचं आवरणसुद्धा न काढता त्यांनी तो कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिला.

नाना म्हणजे हिम्मतराव. मूळचे बिदरकडच्या शेतकरी घरातले, शिकायला म्हणून निजामाच्या काळात हैदराबादला आलेले आणि इथलेच झालेले. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, रिटायर झाले आणि मग आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे कार्याध्यक्ष झाले. भाषण असं करायचे की समोरचा चहा पिणारा कप खाली ठेवायचा. कागद कधी हातात नसायचा. मंडळाची पत्रं मात्र माझ्याकडून लिहून घ्यायचे. "तू लिही सुजाता, तुझं अक्षर काय छान आहे," असं म्हणायचे आणि मी फुगायचे. दहा वर्षं फुगत होते.

मी पुण्याची. हे मी सांगितलं नाही तरी लोकांना पाच मिनिटांत कळतं, असं विक्रमचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, म्हणणं आहे. लग्न होऊन आले तेव्हा या घरातली मराठी ऐकून मला हसावं की रडावं कळेना. अर्धी दखनी, थोडी तेलुगू, उरलेली बिदरची. मी सगळ्यांना सुधारत सुटले. सासूबाईंना सुधारलं, नवऱ्याला सुधारलं, जेवताना, फोनवर बोलताना, पाहुण्यांसमोर. नानांना फक्त सुधारायचे नाही, कारण ते माझ्याशी बोलताना फार जपून, निवडून शब्द वापरायचे. मला वाटायचं, या घरात मराठीची कदर असलेला हा एकच माणूस.

ऑपरेशन झालं. नाना घरी आले तेव्हा गळ्याला भोक होतं आणि ओठ नुसतेच हलत होते. पण जेवता येत होतं, तेवढं डॉक्टरांनी राखलं होतं. पहिल्या रविवारी मंडळाचे शशिकांतराव भेटायला आले, मोसंबी घेऊन. मी म्हटलं, बरा मुहूर्त आहे, आज नानांचा लॅपटॉप उघडू या. सगळे भोवती बसलो. सासूबाई, पद्मा त्यांचं नाव, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

लॅपटॉप सुरू झाला. खालच्या कोपऱ्यात बघते तर भाषेच्या जागी 'यूआर'.

"घ्या!" मी मोठ्यानं हसले. "दुकानदारानं उर्दू घालून दिलंय. हैदराबादचा म्हातारा माणूस दिसला की यांना उर्दूच सुचणार."

नानांनी हात वर केला. मला वाटलं, घाई झालीय त्यांना.

"थांबा नाना, दोन मिनिटं. आत्ता मराठी करून देते."

सेटिंगमध्ये गेले, उर्दू काढली, मराठी घातली. पिशवीत बटणांवर चिकटवायच्या उर्दू अक्षरांचं एक पान निघालं, ते चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी मराठी अक्षरांची स्टिकरं आधीच आणून ठेवली होती. एकेक बटणावर निगुतीनं लावली. माझं मलाच कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

"वा वा," शशिकांतराव म्हणाले, "आता कार्याध्यक्षांचं भाषण लेखी मिळणार आपल्याला!"

नानांचा हात तोवर खाली आला होता. ते शशिकांतरावांकडे बघून हसले.

त्या दिवसापासून त्यांनी लॅपटॉपवर एक ओळ लिहिली नाही. मी समोर बसायचे, लहान मुलाला शिकवावं तसं शिकवायचे. "हा क, हा ख, इथं काना." ते ऐकायचे, मान हलवायचे, स्वतःचं नाव कसंबसं उमटवायचे आणि झाकण लावून टाकायचे. काही हवं असलं की खूण करायचे. पाणी, चादर, पंखा. खुणेनं भागत होतं. पण खुणेनं पंखा मागता येतो, मनातलं सांगता येत नाही आणि नाना तर आयुष्यभर बोलत आलेला माणूस. ते दिवसेंदिवस आत आत जात होते. मला वाटलं, खचलेत. मग वाटलं, हट्ट करतायत. एकदा तर मी तोंडावर म्हणाले, "नाना, इतकी माणसं तुमच्यासाठी धडपडतायत, तुम्ही एक बोट उचलायला तयार नाही!" त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. तरी मी पाय आपटत निघून गेले.

ऑक्टोबरात गाठ पुन्हा आली. या वेळी खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशी. सिकंदराबादच्या डॉक्टरांनी विक्रमला आणि मला समोर बसवून स्वच्छ सांगितलं. पुन्हा ऑपरेशन केलं तर कदाचित वर्ष मिळेल, पण तोंडानं खाणं कायमचं बंद, पोटात नळी घालून पातळ अन्न द्यावं लागेल. नाही केलं तर काही महिने. तेवढ्यात खाणं हळूहळू आपोआप कमी होत जाईल. "पेशंटला विचारा आणि सोमवारपर्यंत कळवा," ते म्हणाले.

विक्रमचं ठरलेलं होतं. वर्ष म्हणजे वर्ष. मी अडून बसले.

"नानांच्या शब्दांत हवं मला. नुसती मान हलवलेली चालणार नाही. ते हल्ली सगळ्यालाच नाही म्हणतात, औषधालाही आणि आंघोळीलाही. त्यांनी लिहून सांगू दे."

त्या रविवारी सकाळी दहा वाजता नानांसमोर लॅपटॉप उघडून ठेवला. विक्रमनं सगळं समजावलं, नळीचंसुद्धा. काही लपवलं नाही. सासूबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. नानांनी स्क्रीनकडे बघितलं. मग सासूबाईंकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. सासूबाईंनी मान वर केली नाही. एकेक काडी खुडत राहिल्या.

नानांनी बोट एका बटणावर ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. कपाळावर घाम आला होता. तास गेला. शेवटी त्यांनी विक्रमकडे बघून हात पुढे केला आणि हॉस्पिटलचा फॉर्म मागितला. थरथरत्या हातानं सही केली. त्यांची ती ठरलेली मराठी सही, गोल गोल अक्षरातली. विक्रम त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसढसा रडला.

"त्यांना काही म्हणायचं असतं तर त्यांनी टाइप केलं असतं," संध्याकाळी मीच विक्रमला म्हणाले. ते वाक्य माझं आहे. ते मला कुणावर ढकलता येत नाही.

ऑपरेशन पार पडलं. तीन आठवड्यांनी नाना घरी आले, पोटाला नळी घेऊन. पहिल्या दिवशी दुपारी सासूबाईंनी सवयीनं त्यांचं ताट घेतलं. वाटीत आमटीसुद्धा वाढली. मग हातातली पळी तशीच धरून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. मी ताट उचललं आणि काही झालंच नाही अशा थाटात घासायला टाकलं. नळीतून देण्याचं काम मी शिकून घेतलं होतं. मोठ्या सिरिंजमध्ये पेज भरायची, हळूहळू सोडायची. नाना त्या वेळी छताकडे बघत पडलेले असायचे.

आठवडाभरानं, दुपारी नाना झोपले असताना, सासूबाई माझ्या खोलीत आल्या. माझं घरून काम चाललं होतं. त्यांनी पदराखालून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. चुरगाळलेला, मग हातानं नीट सपाट केलेला. उर्दू अक्षरांच्या स्टिकरांचं ते पान होतं.

"हे बटणावर लाव, सुजाता."

"आई, हे कशाला?"

"ह्यांनला मराठी लिहिता येत नाही, बाई."

मला हसूच आलं. मराठी मंडळाचा कार्याध्यक्ष!

"खरं बोलतेय मी. निजामाच्या टाइमाला समदं उर्दूत होतं ना. शाळा उर्दू, हापीस उर्दू. घरात मराठी बोलायचं आणि लिहायचं म्हटलं की उर्दू अक्षरात. मोठी मोठी अक्षरं वाचता येतेत त्यांनला थोडी. लिहायला कुणी शिकवलंच नाही. सही तेवढी मी शिकवली, लग्न झाल्यावर. मी चौथी पास आहे ना."

त्या खाली बसल्या, मीही खुर्चीवरून उतरून त्यांच्याजवळ बसले. नानांना नोकरीत आधी आदिलाबादला टाकलं होतं, तेव्हाचं त्या सांगू लागल्या. पत्र यायचं ते मराठीच, पण लिपी उर्दू. सासूबाईंना ती वाचता येईना. मागच्या गल्लीतल्या खुर्शीद मास्तरांची आई ते वाचून दाखवायची. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. ती नुसती अक्षरं उच्चारायची आणि सासूबाई ऐकून समजून घ्यायच्या.

"तिला काही कळायचं नाही म्हणून हे काहीबी लिहायचे," त्या म्हणाल्या आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर विशी-बाविशीतली मुलगी दिसली. "मी लाजून लाल व्हायची आणि ती माय आपली वाचत बसायची, चष्मा लावून."

"मग त्या दिवशी मी उर्दू काढली तेव्हा का नाही बोललात?"

"ह्यांनी डोळ्यानं सांगितलं, नक्को. शशिकांतराव होते आणि तू पुण्याची. तुझ्यासमोर लई जपायचे ते."

माझ्या कानशिलावर कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. पण मी वाईट बाई आहे. तेव्हासुद्धा माझ्या मनात दुसऱ्या कुणाची तरी चूक शोधणं चाललं होतं.

"आणि ऑपरेशनच्या वेळी? त्या रविवारी तरी सांगायचं होतं, आई. मी दोन मिनिटांत करून दिलं असतं."

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मला ठाऊक होतं ते नाही म्हणतील," त्या शेवटी म्हणाल्या. "लिहायला आलं असतं तर नाहीच म्हणले असते. मला ते पाहिजे होते, सुजाता. नळी घालून पाहिजे होते, कसेबी पाहिजे होते. म्हणून मी गप बसली. मेथी निवडत बसली."

मी त्यांना जवळ घेतलं. दहा वर्षांत पहिल्यांदा. दोघीही हमसून हमसून रडलो. मी माझ्यासाठी रडत होते आणि त्या त्यांच्यासाठी, आणि दोघींनाही ते माहीत होतं.

उर्दू परत घालायला खरंच दोन मिनिटं लागली. मराठी स्टिकरं नखानं खरवडून काढली, ती लावायला लागली होती त्याहून जास्त वेळ गेला. नाना उठले तेव्हा मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बटणांवरून बोट फिरवलं. एक बटण दाबलं, तशी स्क्रीनवरची लुकलुकणारी रेघ टुणकन उजव्या टोकाला गेली आणि तिथून अक्षर उमटलं. नानांनी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. सासूबाईंनी या वेळी मान खाली घातली नाही. नाना उशीला टेकून ताठ बसले आणि लिहू लागले.

अडीच वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत ते लिहीत होते. एका बोटानं, मध्ये मध्ये दम खात. स्क्रीन उजवीकडून भरत गेली. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. विक्रमला फोन करून ऑफिसातून लवकर बोलावून घेतलं, तर नानांचं हे गुपित त्यालाही नवीनच होतं आणि ते वाचता त्यालाही येईना. हैदराबादेत जन्मून त्याला उर्दू फक्त बोलता येते.

मग मी खुर्शीद मास्तरांकडे गेले. उर्दू शाळेतून रिटायर झालेला सरळ माणूस. नमाज आटोपून लगेच आले, पांढरी टोपी डोक्यावर तशीच.

"अम्मीजान पढ़ते थे इनके खत," ते सासूबाईंना म्हणाले. "हौ जी, पढ़ देता मैं. मगर मतलब मेरे को नक्को पूछो."

चष्मा लावून ते नानांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला आणि शाळेत धडा वाचावा तसं स्वच्छ, खणखणीत वाचू लागले. काही शब्द अडायचे, ळचा ल व्हायचा, मागे जाऊन पुन्हा वाचायचे. पण ऐकताना मराठी होती, नानांची मराठी. माझ्याशी जपून बोललेली नव्हे, आतली. नानांचे ओठ मास्तरांच्या बरोबरीनं हलत होते.

"सुजाता, तुझ्यावर राग नाही. तू उर्दू काढली त्या दिवशी हात मीच खाली घेतलो. दहा बरस तुझ्याकडून लिहून घेतलो, सांगितलो नाही. लाज वाटली. माझी लाज आहे, तुझी चूक नाही."

मास्तरांनी बोटानं स्क्रीन वर सरकवायचा प्रयत्न केला. मी पुढे होऊन ओळी सरकवून दिल्या.

"विक्रम, तू आता रडू नको. सही मी केलो. तुझं तोंड बघवेना. आवाज गेला, चालतंय. लई बोललो मी जन्मभर. पण जेवण राहू द्यायचं होतं, बाबा. महिना राहिला असता, दोन राहिले असते. पद्माच्या हातची भाकर दुधात कुसकरून खाल्ली असती आणि गेलो असतो. त्या ऐतवारी एवढंच लिहायचं होतं."

विक्रम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मास्तर थांबले, सगळ्यांकडे बघितलं. काहीतरी जड आहे एवढं त्यांना समजलं असावं. पण काय, ते विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी पुढची ओळ धरली आणि त्याच स्वच्छ आवाजात वाचली.

"पद्मा, तू गप का बसली, मला माहीत आहे. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलो असतो. पण आल्यापासून तू सैपाकघरात दार लावून जेवतीस. मला कळतं. असं नको करू. मला खाता येत नाही, बघता येतं. माझ्यासमोर बसून जेव."

एवढंच होतं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"सही पढ़ा ना मैं?"

बिचारे आमच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बराबर पढ़े, भाईसाब," सासूबाई म्हणाल्या. "बिलकुल बराबर."

त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. ताट घेऊन बाहेर आल्या, त्यात दुपारची भाकरी होती आणि वाटीत दूध. नानांच्या पलंगासमोर जमिनीवर बसल्या, भाकरी दुधात कुसकरली आणि एक घास तोंडात घातला. नाना बघत होते. सासूबाई घास चावत राहिल्या, चावत राहिल्या, पण तो त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हता.